चिकाचे मडके

बोरगव्हाण गावाच्या पूर्वेला एक ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे जुना उंबर आहे. त्या उंबराखाली श्रीओंजळबुवा महाराजांनी नऊ वर्षे मुक्काम केला. ते कुठून आले हे कुणी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. त्यांच्याजवळ एका घोंगडीखेरीज काही नव्हते. भांडे तर नव्हतेच. कुणी भाकरी आणली, ताक आणले, की महाराज दोन्ही हात जुळवून ओंजळ पुढे करीत आणि तिच्यात मावेल तेवढेच घेत. उरलेले आणणाऱ्याला परत लावीत. म्हणून लोक त्यांना ओंजळबुवा म्हणू लागले.

महाराजांचे आणखी दोन नेम होते. बोलावल्याशिवाय ते कुणाच्या दारात पाऊल टाकीत नसत. आणि सांगायचे ते एकदाच सांगत. दुसऱ्यांदा कुणी विचारले तर नुसते हसत आणि उंबराच्या शेंड्याकडे पाहत बसत. भाविकहो, हे दोन नेम ध्यानात असू द्या. पुढे जे घडले ते त्यांच्यामुळेच इतके लांबले, आणि त्यांच्यामुळेच तडीस गेले.

गावात ठकूबाई नावाची परटीण राहत असे. नवऱ्याच्या माघारी बारा वर्षे तिने घाटावर कपडे आपटून दिवस काढले. एकुलती लेक चंद्री. तिचे लग्न झाले तेव्हा ठकूबाईने पोटाला चिमटा घेऊन घेतलेली तांबड्या रंगाची कालवड तिला आंदण दिली. तिचे नाव तांबू. तीन वर्षांनी चंद्री पहिल्या बाळंतपणात गेली. बाळही गेले. जावयाने वर्षाच्या आत दुसरे लग्न केले आणि नव्या बायकोला मेलेल्या सवतीची गाय दारात नको म्हणून गड्याबरोबर तांबूला परत धाडले. लेकीला दिलेली गाय परत आली. लेक आली नाही.

तांबू आली तेव्हा गाभण होती. ठकूबाईने तिचे दावे हातात घेतले आणि तिच्या पोटावरून हात फिरवला, तेव्हा आत काहीतरी हलले. त्या दिवसापासून बाई पुन्हा बोलू लागली. घाटावरून आली की गाईजवळ बसायची आणि दिवसभरात काय झाले ते तिला सांगायची. शेजारणी म्हणत, ठकूबाईला लेक सापडली. पण जसजसे दिवस भरत आले तसतशी तिच्या पोटात भीती बसली. लेक ज्या वाटेने गेली त्याच वाटेवर आता लेकीची गाय उभी होती. एक दिवस ती ओढा ओलांडून उंबराखाली गेली, लांबूनच माथा टेकला आणि म्हणाली, “महाराज, माजी तांबू सुखरूप सुटू द्या. पयल्या दिसाचा चीक, एक थेंब न ठेवता, तुमच्या पायापाशी आनीन.”

महाराजांनी तिच्याकडे पाहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. ठकूबाईला वाटले, नवस पोचला.

आता गावातल्या दुसऱ्या माणसाची ओळख करून दिली पाहिजे. विसाजीपंतांचा गोठा अकरा गाईंचा. गुरांच्या दुखण्याची एक जुनी पोथी त्यांच्या घरी होती आणि तिचे पान न् पान त्यांना पाठ होते. पंचक्रोशीत कुणाचे जनावर आजारी पडले की पंतांना बोलावणे जायचे, आणि पंत यायचेही. तेवढा चांगुलपणा त्यांच्यात होता. फक्त बरी झालेली गुरे पंतांच्या गुणाने बरी होत आणि मेलेली आपल्या कर्माने मरत. उंबराखालच्या महाराजांचे त्यांना वावडे होते. चावडीवर विषय निघाला की म्हणायचे, “ज्याला स्वतःचं भांडं नाही, तो दुसऱ्याच्या ताटात काय वाढणार?” आणि माणसे हसायची. हसणाऱ्यांपैकी निम्मी संध्याकाळी उंबराकडे जायची, ती गोष्ट वेगळी.

माघ महिन्यात, सकाळची उन्हे अंगणात येत असताना तांबू व्याली. फार अडली नाही. तांबडे वासरू, कालवडच, कपाळावर बोटाएवढा पांढरा ठिपका. तांबूने चाटून चाटून त्याला कोरडे केले आणि घटकाभरात ते चार पायांवर थरथरत उभे राहिले. ठकूबाईने त्याच्या कपाळावर हात ठेवला. “चंद्रे,” असे काहीतरी ती म्हणाली, पण ते शेजारची गजराकाकू सोडून कुणी ऐकले नाही.

पंत स्नानाला निघाले होते, ते वाटेत थांबले. त्यांनी दारातूनच बघितले आणि सांगितले, “वासरू उत्तम आहे. पण वार पडल्याशिवाय सडाला तोंड लावू देऊ नकोस. चीक जड असतो. नवं पोट, पचायचा नाही. हगवण लागून तिसऱ्या दिवशी मरेल. तोवर गूळपाणी दे.”

पंतांनी काही नवे सांगितले नव्हते. गावातली रीतच ती होती. गाईची वार, म्हणजे जार, बाहेर पडेपर्यंत वासराला बांधून ठेवायचे आणि चीक काढून खरवस करायचा, आळीत वाटायचा. आजोबा-पणजोबांपासून असेच चालत आले होते. काही वासरे जगत, काही मरत, आणि मेलेल्यांना कुणीतरी दृष्ट लावलेली असे.

ठकूबाईने वासराला हातभर दोरीने खुंट्याला बांधले. ते आईकडे ओढ घेत होते, हवेतच मान पुढे करून लुचल्यासारखे करीत होते. तांबू हंबरत होती. ठकूबाईने फडके गूळपाण्यात भिजवून वासराच्या तोंडात दिले, ते त्याने दोनदा चोखले आणि सोडून दिले. “दम धर माय,” ती त्याला म्हणाली, “तुज्या भल्यासाठीच हाय.”

दिवस कलायच्या आत तिने नवे मडके घेतले आणि तांबूची कास पुरती काढली. हळदीसारखा पिवळा, दाट चीक, वर फेस. तांबूने दोनदा लाथ झाडली. एरवी ती गरीब गाय. वासरू दोरी ताणून त्या मडक्याकडे बघत होते. ठकूबाईने मडक्यावर पळसाचे पान बांधले, ते डोक्यावर घेतले आणि ओढा ओलांडून उंबराशी नेऊन ठेवले. महाराज डोळे मिटून बसले होते. वासरू एकटे आहे म्हणून ती थांबली नाही. माथा टेकून तशीच लगबगीने परतली. नवस फिटला. त्या संध्याकाळी तिच्याएवढे सुखी माणूस बोरगव्हाणात नसेल.

ते सुख तेवढेच टिकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वासरू उठले नाही. ठकूबाईने त्याला उभे केले तर ते खाली बसले. कान गार, तोंड गार. ताप नव्हता, हगवण नव्हती, पोट फुगलेले नव्हते. डोळे उघडे होते पण आईने हंबरडा फोडला तरी तिकडे वळत नव्हते. आणि एक विचित्रच गोष्ट होती. वासराची मान पूर्वेच्या भिंतीकडे वळलेली होती. ठकूबाईला वाटले, अवघडली असेल. तिने त्याला उचलून दुसऱ्या कुशीवर ठेवले. वासराने हळूहळू मान फिरवली आणि पुन्हा भिंतीकडे केली. तिने त्याचे तोंड हातात धरून सरळ केले. हात काढला तशी मान परत गेली. भिंतीवर काही नव्हते. शेणाने सारवलेली कोरी भिंत.

गजराकाकू आली आणि तोंडाला पदर लावून उभी राहिली. “ह्ये दुखनं मी कदी बगितलं न्हाई गं ठके,” ती म्हणाली. मग आळी जमली. कुणी म्हणाले दृष्ट. मीठमोहऱ्या उतरल्या, चुलीत तडतडल्या. कुणी म्हणाले चंद्रीचा जीव घुटमळतोय, वासराला नेल्याशिवाय जायचा नाही. हे ऐकताच ठकूबाई वासराच्या आणखी जवळ सरकली. कारण ते तिच्याही मनात येऊन गेले होते.

उन्हे वर आली तेव्हा तांबूची वार पडली. ठकूबाईच्या जिवात जीव आला. आता पाजायला हरकत नव्हती. तिने वासराला उचलून कासेखाली नेले, सड त्याच्या तोंडात दिला. वासराने तो धरला नाही. तिने सड पिळला. दुधाची धार जिभेवर पडली आणि ओठांच्या कोपऱ्यातून खाली शेणात गेली. कालपर्यंत हवेत लुचणारे वासरू, आज तोंडात आलेले त्याला समजत नव्हते. तांबू वळून वळून त्याला चाटत होती आणि ते भिंतीकडे बघत होते.

पंत आले. वासराचे डोळे, जीभ, बेंबी त्यांनी नीट तपासली. दुखणे त्यांच्या पोथीत नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावर एक क्षण दिसले. मग ते म्हणाले, “वात आहे. मानेत वात शिरलाय. डाग द्यावा लागेल.”

विळा चुलीत तापवला. ठकूबाईने वासराचे डोके मांडीवर घेतले. जळलेल्या केसांचा वास गोठ्यात भरला, वासराचे सगळे अंग एकदा ताठ झाले, पण त्याने आवाज केला नाही. ओरडले असते तर ठकूबाईला बरे वाटले असते.

“चीक पाजला नाहीस ना चोरून?” पंतांनी विचारले.

“न्हाई जी. सगळा महाराजांना दिला. नवस हुता.”

पंत हसले. “त्या वेड्याला? म्हणून काल मी ओढ्यावरून येत होतो तर झाडाखालून मला हाका मारत होता. खरवसाला गूळ पाहिजे असेल. आता बोलाव की तुझ्या बुवाला. फुकटचा चीक पचवायला तो, आणि वासरू बरं करायला आम्ही.”

जमलेल्यांपैकी दोघेतिघे हसले. ठकूबाईने मान खाली घातली. महाराजांना बोलवावे असे तिच्या मनात सकाळपासून होते. पण नवस एकदा मागून झाला, पुरा झाला. तांबू सुखरूप सुटावी एवढेच मागितले होते, ते मिळाले. आता पुन्हा कुठल्या तोंडाने जायचे? आणि एका वासरासाठी साधुपुरुषाला परटिणीच्या गोठ्यात या म्हणायचे? तिची जीभ रेटली नाही.

ती रात्र ठकूबाईने वासराला पदराखाली घेऊन काढली. सकाळी पदर दूर केला तर मान भिंतीकडेच होती.

तिसऱ्या दिवशी वासराचे डोळे खोल गेले. नाकपुडीशी बोट धरले तर श्वास लागत होता आणि लागत नव्हता. पंतांनी दुसरा डाग दिला. वासराने अंगही ताठ केले नाही. विळा बादलीत बुडवून पंत उठले, हात धुतले आणि म्हणाले, “ठकूबाई, आता माणसाच्या हातचं राहिलं नाही. खड्डा खणून ठेव. गाय नंतर आटेल, वासराशिवाय पान्हा घालायची नाही, तेव्हा विकायची असली तर आजच सांग.” जाता जाता दारात थांबून ते पुढे म्हणाले, “मी उगाच बोलत नाही. पण तुझ्या बुवानं चिकाबरोबर ह्याचा जीवही पिऊन टाकला बघ.”

हे बोलणे ठकूबाईच्या मनात रुतून बसले.

तिला चंद्रीचे शेवटचे दिसणे आठवले. निरोप उशिरा आला होता. ती पोचली तेव्हा लेकीचे हातपाय असेच गार होते. तेव्हा तिने देवाला दोष दिला नव्हता. भोग म्हणाली होती. पण आता आपल्याच हाताने आपण हे केले असे तिला वाटू लागले. आपणच नवस बोललो, आपणच दोरी बांधली, आपणच कास रिकामी केली. आणि ज्याच्यासाठी केली तो उंबराखाली बसून खरवस खातो आहे. इतकी वर्षे ज्या पायांपुढे माथा टेकला त्या पायांचा तिला राग आला. आयुष्यात पहिल्यांदाच आला, म्हणून तो कसा सोसायचा हेही तिला कळेना.

ती उठली. गजराकाकूला म्हणाली, “काकू, बस जरा ह्याच्यापाशी. मी उंबराला जाऊन येते.”

“मागायला चाललीस व्हय?”

“न्हाई. सांगायला.”

दुपार होती. ओढ्याचे पाणी ओलांडून ती उंबराखाली आली आणि नेहमीसारखी लांब थांबली नाही. सरळ समोर जाऊन उभी राहिली. माथा टेकला नाही.

“महाराज, मी आजपासनं येनार न्हाई. येवढंच सांगायचं हुतं.”

महाराज म्हणाले, “बरं.” त्यांचा आवाज बसलेला होता. “जाताना आपलं मडकं घेऊन जा. तीन दिवस सांभाळतोय, आम्हाला भांड्याची सवय नाही.”

ठकूबाईने तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. माघातल्या थंडीत महाराज उघड्या अंगाने बसले होते. ओठ फुटले होते. शेजारी कुणाकुणाच्या भाकऱ्या पानावर तशाच पडल्या होत्या आणि त्यांना मुंग्या लागल्या होत्या. एकाही भाकरीचा तुकडा मोडलेला नव्हता. आणि त्यांच्या मांडीशी त्यांची एकुलती एक घोंगडी कशाभोवती तरी गुंडाळलेली होती, आईने तान्ह्याला गुंडाळावे तशी.

ठकूबाई खाली बसली. तिने घोंगडी बाजूला केली. आत तिचे मडके होते. पळसाचे पान तिने बांधले तसेच, हिरवेगार. तिने गाठ सोडली. मडके हाताला ऊन लागत होते. आत काठोकाठ पिवळा दाट चीक होता, आणि त्याच्यावर आत्ताच धार काढल्यासारखा फेस होता. एक बुडबुडा तिच्या डोळ्यांदेखत फुटला.

मडक्यावरची नजर न काढता ती म्हणाली, “तुमी खाल्ला न्हाई?”

“आमचा नव्हता.”

“मग सांगितलं का न्हाई, महाराज? माजं वासरू तिकडं…”

“पहिल्याच दिवशी निरोप दिला होता. पोचला नाही वाटतं.” महाराजांनी उंबराच्या शेंड्याकडे पाहिले.

“मग तुमीच का आला न्हाई?” तिने विचारले.

“तू कुठं बोलावलंस?” महाराज म्हणाले. त्यात दोष नव्हता. तीन दिवस कुणी बोलवील म्हणून वाट पाहणाऱ्या माणसाचा तो साधा प्रश्न होता.

ठकूबाईने मडके डोक्यावर घेतले. पदराने डोळे पुसले. “बोलावते,” ती म्हणाली. “चला महाराज. माज्या गोठ्यात चला.”

महाराज तत्काळ उठले. तीन दिवसांच्या उपाशी पोटी त्यांना पहिली चार पावले जड गेली, मग ते चालू लागले. पुढे मडके घेतलेली परटीण आणि मागे उघड्या अंगाने महाराज, असे दोघे ओढा ओलांडून गावात शिरले तेव्हा चावडीवरची माणसे बोलायची थांबली आणि एकेक करून मागे निघाली. त्यांत विसाजीपंतही होते. तमाशा बघायला आलो, असे त्यांनी बरोबरच्यांना सांगितले.

आता गोठ्यात काय घडले ते ऐका. गोठ्याला एकच दार, पश्चिमेला. उंबर पूर्वेला. गजराकाकू वासराजवळ बसली होती आणि पुढे ती मरेपर्यंत हे सांगत असे. ती म्हणे, मी बघत हुते, मान भिंतीकडं हुती. आन् मग बाहेर कुनी दिसायच्या आदी मान हलली. भिंतीभिंतीनं सरकत आली. ठकी घराला वळसा घालून येत हुती आन् हितं आत मान तिच्यासंगट फिरत हुती. ठकूबाई मडके घेऊन दारात उभी राहिली तेव्हा तीन दिवस भिंतीकडे पाहणारे वासरू दाराकडे पाहत होते. नेमके दाराकडेही नाही, मडक्याकडे.

महाराज म्हणाले, “त्याच्या मानेत वात नव्हता. ते आपलं ताट कुठं गेलं ते बघत होतं.”

ठकूबाईने मडके टेकवले, चिकात बोटे बुडवली आणि वासराच्या तोंडात दिली. त्याने बघितले, पण जीभ हलली नाही. तोंड गार ते गारच. तिने पुन्हा दिली. काही नाही. “आता उशीर झाला, महाराज,” ती म्हणाली, आणि तिची सगळी आशा एकदम खचली. मडके ऊन होते, चीक ताजा होता, महाराज दारात होते, आणि वासरू तरीही मरत होते. हे तर आधीपेक्षा वाईट होते.

महाराज वळले. “पंत,” ते म्हणाले, “तुमच्याजवळ एक निरोप राहिलाय. तो अजून पोचायचा आहे.”

विसाजीपंतांचा चेहरा उतरला. ते मागे सरकले, पण मागे माणसे होती.

“कसला निरोप?” गजराकाकूने विचारले.

पंतांनी तोंड उघडले नाही. महाराजांनीही उघडले नाही. एकदा सांगून झालेली गोष्ट ते पुन्हा सांगणार नव्हते. सगळे पंतांकडे पाहत होते. आणि खाली, ठकूबाईच्या मांडीवर, त्या वासराची मान हळूहळू मडक्यावरून वळली आणि पंतांच्या तोंडासमोर येऊन थांबली.

त्या दोन खोल गेलेल्या डोळ्यांसमोर पंतांची पोथी टिकली नाही.

“परवा,” ते म्हणाले, “परवा संध्याकाळी यांनी मला हाक मारली. म्हणाले, त्या बाईला सांगा, हा चीक आमचा नव्हे, वासराचा आहे. आजच्या आज घेऊन जा आणि पाज. मी… मला वाटलं, मी काय परटिणीचा गडी आहे? आणि चीक वासराला बाधतो हे मीच सांगून आलो होतो. माझं म्हणणं खोटं पाडणारा निरोप मीच नेऊ?” त्यांचा आवाज खाली गेला. “म्हणून मी नेला नाही.”

ठकूबाईने मान वर केली. “तीन दिस, पंत,” ती म्हणाली. एवढेच म्हणाली. तिने शिव्या दिल्या असत्या तर पंतांना उभे राहता आले असते.

“आम्हाला सांगून काय उपयोग?” महाराज म्हणाले. “ज्याचा निरोप त्याला सांगा. आणि रिकाम्या हातानं सांगू नका.”

विसाजीपंत गोठ्याच्या आत आले. अंगावरचे उपरणे त्यांनी कुणाच्या हातात दिले की खाली पडले, ते त्यांनाही कळले नाही. ते शेणामुतात गुडघे टेकून बसले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. ठकूबाईने मडके वाकवले. पिवळा चीक ओंजळीत पडला आणि बोटांच्या फटींतून खाली गळून गेला. पंतांना आयुष्यात ओंजळ धरायची वेळच कमी आली होती. त्यांचे हात द्यायला उंचावलेले असत.

“ओंजळ सैल आहे,” महाराज म्हणाले.

पंतांनी बोटे आवळली. पुन्हा चीक पडला. या वेळी तो राहिला, आणि त्याची ऊब त्यांच्या तळव्यांना लागली. तीन दिवसांची ऊब. उघड्यावर, माघाच्या थंडीत, एका उपाशी माणसाने आपली घोंगडी काढून राखलेली. पंत वासराच्या तोंडापाशी वाकले आणि अडखळत म्हणाले, “हा चीक तुझा आहे. तुझा तूच पी. महाराजांनी… मला परवाच सांगितलं होतं. मी आणला नाही. चुकलो.”

कितीतरी वेळ काहीच झाले नाही. तांबू दाव्याला ओढ देऊन उभी होती.

मग वासराचा ओठ हलला. जीभ बाहेर आली, पंतांच्या करंगळीला लागली, आणि वासराने ती करंगळी तोंडात धरली. एकदा ओढले. थांबले. पुन्हा ओढले. आणि मग ते लुचू लागले, पहिल्या दिवशी हवेत लुचत होते तसेच, ढुशा देत, फसफस आवाज करीत. ओंजळ संपली की ठकूबाई मडके वाकवी. तिला दिसत नव्हते, डोळ्यांतले पाणी हनुवटीवरून चिकात पडत होते, पण तिचा हात चुकला नाही. मडके अर्धे झाले तेव्हा वासराच्या कानांना ऊब आली. मडके पालथे झाले तेव्हा त्याने मान हलवली, दोन डागांच्या वळांसकट, आणि आईकडे पाहून एक बारीक आवाज काढला. तांबूने दावे तोडले.

पंतांना महाराजांच्या पायांवर डोके ठेवायचे होते. पण वासराने त्यांची करंगळी सोडली नव्हती. ती सोडवून घेण्याचा धीर त्यांना झाला नाही. तेव्हा ते होते तिथेच वाकले आणि महाराज उभे होते त्या जमिनीवर, शेणात, त्यांनी कपाळ टेकले. हात तसेच पुढे, वासराच्या तोंडात.

“महाराज,” ते म्हणाले, “वासराचं ताट तुम्हीच राखलं होतं. मीच मध्ये उभा होतो.”

महाराज खाली बसले. त्यांनी पंतांच्या पाठीवर हात ठेवला. मग ठकूबाईकडे वळून म्हणाले, “बाई, तू दिलंस ते मनापासून दिलंस, म्हणून ते नासलं नाही. पण आता आम्हाला भूक लागली आहे.” ठकूबाईने घरातून शिळी भाकरी आणि ताक आणले. महाराजांनी ओंजळ पुढे केली. तीन दिवसांनी ते जेवले, परटिणीच्या गोठ्यात, लुचणाऱ्या वासराच्या शेजारी.

त्या कालवडीचे नाव ठकूबाईने चंद्री ठेवले. तिला पुढे नऊ वासरे झाली. तिच्या प्रत्येक वेताला विसाजीपंत गोठ्यात येऊन बसत आणि नव्या वासराच्या तोंडात पहिल्यांदा आपली करंगळी देत.

बोरगव्हाणात वार पडेपर्यंत वासरू बांधायची रीत त्या दिवशी मोडली. तिथे आजही गाय व्याली की पहिली ओंजळ वासराची असते. दुसरी ओंजळ ओंजळबुवा महाराजांच्या नावाने भरतात, आणि तीही वासरालाच पाजतात. मग कुणीतरी रिकामे मडके घेऊन ओढा ओलांडतो आणि उंबराखाली ते पालथे घालून परत येतो. महाराजांना तेवढेच पोचते, आणि तेवढ्याने त्यांचे पोट भरते, असे तिथली माणसे मानतात.